तेवढे ब्रेकही बघून घ्या

घाटात अपघात झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात एक वाक्य हमखास येतं : 'ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटला.' या एका वाक्यात सगळ्यांची सोय होते. चालक सुटतो, मालक सुटतो, गाडीत दुप्पट माल भरणारा सुटतो, तिला पास करणाराही सुटतो. आरोपीच्या पिंजऱ्यात उरतो तो एकटा ब्रेक, आणि त्याला कुणी वकील देत नाही.

दिला असता तर वकील म्हणाला असता, "साहेब, माझा अशील एका रात्रीत निकामी झालेला नाही. आधी तो चिरकत होता, मग खरखरत होता, मग गाडी एका बाजूला ओढत होता आणि शेवटी चाकातून गळत होता. दर वेळी त्याची तक्रार ऐकून घेतली गेली आणि दर वेळी तिच्यावर तोडगाही निघाला. दुरुस्ती तेवढी राहून गेली."

हे तोडगे हा आपल्याकडच्या माल वाहणाऱ्या छोट्या गाड्यांचा खरा इतिहास आहे. पिकअप, टेम्पो, छोटा हत्ती या गाड्यांविषयी बोलतोय मी. ऑस्ट्रेलियात असल्या गाडीला यूट म्हणतात. तिकडे एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं होतं म्हणतात, की रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एकच गाडी द्या. त्यातून १९३४ साली पहिली यूट निघाली. आपल्याकडे कुणी कंपनीला पत्रबित्र लिहीत बसलं नाही. गाडी आली, आणि सोमवारी कांदा, मंगळवारी सिमेंट, लग्नसराईत वऱ्हाड, दहीहंडीला गोविंदा पथक आणि अनंत चतुर्दशीला डीजे असं वेळापत्रक आपलं आपण ठरलं.

टाटांनी २००५ साली 'एस' आणली. कंपनीच्या कागदावर तिची क्षमता होती पाऊण टनाच्या आसपास. लोकांनी तिला 'छोटा हत्ती' म्हटलं, आणि यातलं 'छोटा' हे विशेषण माल भरताना कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

या धंद्यात एक गोष्ट समजून घेतली की पुढचं सगळं समजतं. भाडं मिळतं ते जाण्याचं. थांबण्याचं भाडं कुणी देत नाही. इंजिन कमवून आणतं, टायर कमवून आणतात, मागचा हौदा तर कमावतोच कमावतो. ब्रेक हा गाडीतला एकमेव भाग असा की जो कामाला लागला की खेपेला उशीर होतो. त्याच्यावर पैसे घालायचे म्हणजे गाडी दिवसभर गॅरेजात उभी, भाडं बुडालं आणि बँकेचा हप्ता मात्र आपल्या तारखेला हजर. हप्त्याला ब्रेक नसतात.

म्हणून पैसे जिथे दिसतात तिथे जातात. समोर एलईडीची पट्टी, केबिनमध्ये घर हलवील असा स्पीकर, वळणावर सनई वाजवणारा हॉर्न. रंगारी दोन दिवस बसून मागच्या फाळक्यावर 'आई-वडिलांची पुण्याई' लिहितो, बाजूला गरुड काढतो, आणि गरुडाच्या डोळ्यात चमक आली नाही म्हणून त्याच्याकडून तो पुन्हा रंगवून घेतला जातो. दसऱ्याला गाडी धुऊन बोनेटला झेंडूचा हार, स्टिअरिंगला हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. ज्या ब्रेकच्या भरवशावर ती पुण्याई शाबूत राहायची, तो चाकाच्या आत अंधारात बसलेला असतो. त्याला कुणी फूल वाहत नाही. वाहायचं म्हटलं तर चाक खोलावं लागेल.

नाशिकला द्वारकेच्या बाजूला जी गॅरेजं आहेत, त्यांतल्या एखाद्यात अर्धा तास बसावं. ब्रेकसाठी म्हणून गाडी कुणी आणत नाही. गाडी येते ती ऑइल बदलायला, नाही तर दाराची काच वर होत नाही म्हणून. सगळं सांगून झालं, चहा पिऊन झाला, चालक निघायला उठला की जाता जाता म्हणतो, "मिस्तरी, तेवढे ब्रेकही बघून घ्या."

"काय होतंय ब्रेकला?"

"होत काही नाही. लागतात. जरा आधीपासून दाबावं लागतं, एवढंच."

"किती आधीपासून?"

"सवय आहे हो मला. सिग्नल दिसला की दाबायला घेतो."

मिस्तरी एकेक प्रश्न काढतात आणि एकेक तोडगा बाहेर पडतो. ब्रेक मारल्यावर समोरून चिर्र असा बारीक आवाज येतो का? येतो, म्हणून गाण्याचा आवाज वाढवलाय. हा आवाज म्हणजे बिघाड नसतो. डिस्कच्या पॅडला एक पातळ पत्रा मुद्दाम बसवलेला असतो. पॅड झिजत आलं की तो पत्रा डिस्कला घासतो आणि किंचाळतो : आता बदला. कंपनीने लाखो रुपये खर्चून बनवलेली ही सूचना आपण हजार रुपयांच्या स्पीकरने दाबून टाकतो.

गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते का? ओढते, डावीकडे. मग काय करतोस? स्टिअरिंग थोडं उजवीकडे धरून ब्रेक मारतो. पेडल नरम लागतं का? पहिल्यांदा जातं आत, पण दोनदा पंप मारला की तिसऱ्यांदा बरोबर येतं. म्हणजे समोर म्हैस आली तर तिने दोन पंपांपुरतं थांबायचं.

आणि हँडब्रेक? या प्रश्नावर चालक हसतो. हँडब्रेकची दांडी त्याच्या गाडीत पाण्याची बाटली अडकवायच्या कामी येते. चढावर गाडी उभी करायची तर त्यासाठी मागे हौद्यात एक दगड आहे. चांगला काळा, एका बाजूने चपटा, त्र्यंबकच्या रस्त्यावर हेरून उचललेला. गाडीचे बाकी बरेच पार्ट आतापर्यंत बदलले, पण दगड ओरिजिनल आहे. तो उतरून चाकाखाली लावणं हे क्लीनरचं पहिलं काम, आणि गाडी निघाल्यावर तो उचलून पळत येऊन चढणं हे दुसरं. यात हँडब्रेकच्या केबलपेक्षा पोराचा पगार जास्त जातो, पण केबल बिडी आणून देत नाही.

तेलाचीही अशीच कथा. बोनेटखाली मास्टर सिलिंडरवर एक छोटी पांढरट डबी असते, तिच्यावर 'मिन' आणि 'मॅक्स' अशा रेघा. पॅड जसजसं झिजतं तसतसा आतला पिस्टन पुढे सरकतो, आणि डबीतली पातळी खाली जाते. म्हणजे चाक न खोलताही पॅड किती राहिलं याचा अंदाज डबी देत असते. पातळी 'मिन'वर आली की चालक पंपावरून बाटली घेतो आणि 'मॅक्स'पर्यंत भरतो. झालं काम. पुढे नवीन पॅड टाकताना पिस्टन मागे दाबला की ते सगळं जास्तीचं तेल डबीतून उसळून बाहेर येतं, आणि हे तेल रंग खातं. पॅडच्या पैशांत मग बोनेटच्या आतल्या रंगाचे पैसे वाढतात, आणि शिव्या मिस्तरी खातात.

मिस्तरी मग गॅरेजातल्या पोराला सांगतात, "मागचं डावं चाक काढ."

चाक निघतं, पण ड्रम निघत नाही. तो गंजून हबला चिकटलेला असतो. पोरगा चहूबाजूंनी हातोडी मारतो, आणि दर ठोक्याला चालक कळवळतो, कारण बाहेरून रंगवलेला ड्रम आहे. शेवटी ड्रम सुटतो आणि त्याच्याबरोबर वाटीभर काळी भुकटी खाली पडते. पोरगा फुंकर मारायला वाकतो, मिस्तरी त्याच्या पाठीत धपाटा घालतात. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असायचं, त्याची भुकटी छातीत गेली की बाहेर येत नाही. आणि कुठला लायनर कुठल्या जमान्यातला हे भुकटीकडे बघून कळत नाही. ओलं फडकं घे म्हणतात.

आत जे दिसतं ते मिस्तरी चालकाला बोलावून दाखवतात. ब्रेक शूवर जिथे बोटभर लायनर हवं तिथे ते कागदाएवढं राहिलंय, आणि मधूनमधून पितळी रिव्हेट चमकतायत. ते चमकतायत, कारण रोज ड्रमवर घासून पॉलिश होतायत. ड्रमच्या आत जुन्या तबकडीवर असाव्यात तशा गोल रेघा उमटल्यात. वर व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड मिस्तरी नखाने उचलतात. आतून तेलाचा एक थेंब येतो, शूवरून ओघळतो आणि उरल्यासुरल्या लायनरवर पसरतो. गाडी एका बाजूला का ओढते याचं उत्तर त्या थेंबात आहे : या चाकाला तेल लागल्यामुळे पकड नाही, उजव्या चाकाला आहे.

"पण मग गाडी उजवीकडे ओढायला पाहिजे," चालक म्हणतो. "माझी डावीकडे ओढते."

मिस्तरी एक क्षण विचार करतात. "म्हणजे उजवीकडचं पुढचं पण गेलंय."

आता खर्चाचा प्रश्न येतो. "मिस्तरी, या एकाच चाकाचं बदलू. बाकीचे चालतायत ना?" हा प्रश्न दर वेळी विचारला जातो आणि त्याचं उत्तर दर वेळी तेच असतं : एका ॲक्सलच्या दोन्ही बाजू बरोबर बदलायच्या, नाही तर नवीन बाजू पकडते, जुनी घसरते आणि गाडी आडवी होते. चालकाला हे पटतं, पण मालकाला फोनवर पटत नाही. मालक विचारतो, "दोन्ही कशाला? एक तर चांगलं आहे म्हणतोस ना?" फोन स्पीकरवर असतो आणि सगळं गॅरेज ऐकत असतं. मिस्तरी फोनकडे न बघता म्हणतात, "शेठ, चप्पल एकाच पायाची मिळते का बघा." शेठ गप्प होतो, मग म्हणतो, "लोकल टाका."

पार्टच्या दुकानात लायनर तीन जातींचं मिळतं : कंपनीचं, बऱ्या ब्रँडचं, आणि कंपनीसारख्याच खोक्यातलं. तिसऱ्या जातीच्या खोक्यावर छपाई इतकी देखणी असते की कंपनीला लाज वाटावी. फरक घाटात कळतो. ड्रमवर 'मॅक्स डाय' म्हणून एक आकडा ओतलेला असतो. लेथवर कट मारून रेघा घालवताना ड्रम त्या आकड्यापलीकडे गेला तर तो भंगारात टाकायचा. डिस्कवर तसाच कमीत कमी जाडीचा आकडा. या आकड्यांशी माप ताडायला कॅलिपर लागतं. बऱ्याच ठिकाणी कॅलिपरच्या जागी अंगठा वापरतात, आणि अंगठा नेहमी म्हणतो, "अजून एक कट निघेल."

पण या सगळ्यात माझा आवडता पार्ट वेगळाच आहे. बऱ्याच पिकअपांना मागच्या ॲक्सलजवळ एक छोटा व्हॉल्व्ह असतो, त्याला एक दांडी जोडलेली. माल भरला की गाडी मागून बसते, दांडी हलते आणि व्हॉल्व्हला कळतं की आज वजन आहे, मागच्या चाकांना ब्रेक जोरात द्यायचा. गाडी रिकामी असली की तो ब्रेक कमी करतो, नाही तर मागची चाकं जाम होऊन शेपूट फिरते. कुठलीही वीज नाही, कॉम्प्युटर नाही, पण अक्कल पुरेपूर.

आता आपण काय करतो? गाडी घेतल्याच्या आठवड्यात कमानीचे पाटे वाढवतो. दोन पाटे जास्त टाकले की कितीही माल भरा, गाडी बसत नाही. हौदा कांद्याने गच्च, वर ताडपत्री, ताडपत्रीवर दोन माणसं, तरी मागून गाडी ताठ. हवालदार बघतो, त्याला काही वाटत नाही. व्यापारी बघतो, खूश होतो. आणि खाली तो व्हॉल्व्ह दांडीकडे बघतो आणि समजतो, आज गाडी रिकामी चाललीये, भाऊ मोकळाच घरी निघालाय वाटतं. तो प्रामाणिकपणे मागचा ब्रेक कमी करतो. हवालदाराला फसवायला निघालेला माणूस स्वतःच्याच ब्रेकला फसवून कसारा घाट उतरत असतो.

मग येतं पासिंग. नव्या मालवाहू गाडीला फिटनेस मिळतं दोन वर्षांचं, पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, आणि त्यानंतर दर वर्षी. पासिंगच्या आदल्या दिवशी गाडीची जी काळजी घेतली जाते ती वर्षभर घेतली तर मिस्तरी उपाशी मरतील. गाडी धुतात, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या लावतात, नंबर नव्याने रंगवतात, शेजारच्या गाडीची बरी स्टेपनी उसनी आणतात. ब्रेकचा ॲडजस्टर स्क्रू ड्रायव्हरने चार दात आवळतात, म्हणजे उद्या साहेबांसमोर पेडल वर लागेल. पासिंग झालं की तेच चार दात परत ढिले, कारण ब्रेक आवळलेले राहिले तर चाकं तापतात आणि ॲव्हरेज पडतं.

मध्यंतरी या प्रकाराला खीळ बसली. आरटीओत २५० मीटरचा ब्रेक टेस्ट ट्रॅक असल्याशिवाय फिटनेस देऊ नका, असं मुंबई उच्च न्यायालयाने बजावलं. त्याआधी जागेवरच पाच पावलं पुढे, पाच पावलं मागे, पुढचा या, असं चालायचं. ट्रॅकचा आदेश आल्यावर राज्यभर जागा शोधायची धावपळ झाली. कारण गाडीला खरंच वेग देऊन खरंच थांबवून बघायचं, ही कल्पनाच अनेकांना नवीन होती. काही गाड्यांनाही.

ब्रेकची खरी परीक्षा मात्र घाटातच होते. रात्री भाजीपाला भरून वाशीच्या मार्केटला निघालेल्या गाड्या कसाऱ्याला पोचतात, आणि तिथे चालकाच्या मनात डिझेलचा हिशोब सुरू होतो. उतारच आहे, इंजिन कशाला चालू ठेवायचं? चावी बंद, गाडी न्यूट्रल. पेडलच्या मागे जो बूस्टर असतो तो इंजिनाच्या जोरावर निर्वात पोकळी बनवून पायाचा दाब कैकपटींनी वाढवतो. इंजिन बंद केलं की उरलेल्या पोकळीवर दोन-तीन वेळा पेडल दबतं, पुढे ते कडक होतं आणि चालक उभा राहून दाबतो. बरं, यात डिझेल वाचतं म्हणावं, तर हल्लीच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून उताराला सोडली की इंजिनाचं डिझेल आपोआप बंद होतं. न्यूट्रलवर इंजिन चालू ठेवणारा उलट जास्त जाळतो, आणि बंद करणारा ब्रेक घालवतो. दोन्ही बचती खिशातून जातात.

२०२२ च्या नोव्हेंबरात पुण्यात नवले पुलाजवळ एका अवजड गाडीने अनेक वाहनांना ठोकलं. पहिल्या दिवशी सगळीकडे 'ब्रेक फेल' झालं. मग पोलिसांनी तपासाअंती सांगितलं की चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती. ब्रेकच्या बाजूने एखादा तरी साक्षीदार उभा राहिला, याचं त्या दिवशी बरं वाटलं.

आणि जो इंजिन चालू ठेवतो पण पाय पेडलवरून काढत नाही, त्याच्यासाठी तेलाने वेगळी सोय केलेली आहे. ब्रेक ऑइलला हवेतला ओलावा शोषायची सवय असते. डॉट-३ तेल नवीन असताना २०५ अंशांना उकळतं. पाणी मुरल्यावर १४० अंशांनाच. दर दोन वर्षांनी ते बदला म्हणतात ते यासाठी. घाटभर ब्रेक दाबून ठेवला की चाकाजवळचं तेल उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. पेडल थेट पायाखालच्या मॅटला टेकतं. खाली दहा मिनिटं थांबलं की वाफ विरते, पेडल परत वर, आणि मिस्तरीला काहीच सापडत नाही. "बघा," चालक म्हणतो, "मी म्हटलं नव्हतं, लागतात म्हणून?" जुने चालक एवढंच सांगायचे की ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, आणि ब्रेक मधूनमधून मारा. वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागतं, हे गणित त्यांनी पुस्तकात वाचलं नव्हतं, त्यांनी ते बैलगाड्यांच्या मागे थांबून शिकलं होतं.

तर आपली गाडी. संध्याकाळपर्यंत शू बदलले, सिलिंडरचे रबर बदलले, ड्रम लेथवरून आले. शेवटचं काम हवा काढायचं. पोरगा केबिनमध्ये, मिस्तरी गाडीखाली, लांबच्या चाकापासून सुरुवात. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत.

"मार... मार... मार... धर!"

नळीतून काळं तेल आणि बुडबुडे येतात. निपल बंद झाल्याशिवाय पाय सोडायचा नाही, नाही तर हवा उलटी आत जाते. पण तेवढ्यात पोराचा मोबाइल वाजतो.

"सोडलास?"

"नाही मिस्तरी."

"मग बुडबुडे मागे कसे गेले?"

वरून उत्तर येत नाही. पुन्हा पहिल्यापासून. चारी चाकांतून बुडबुडे संपून तेल स्वच्छ दिसायला लागलं की मिस्तरी बाहेर येतात, हात पुसतात आणि बजावतात की नवीन लायनर ड्रमला बसेपर्यंत काही दिवस हळूहळू ब्रेक मारायचे, एकदम नाही.

चालक एक चक्कर मारून येतो. गाडी दारात उभी करतो, उतरतो आणि काही न बोलता बाकावर बसतो.

"काय रे? लागत नाहीत?"

"लागतात मिस्तरी. दाबलं की लगेच लागतात. तेच टेन्शन आलंय."

"म्हणजे?"

"आता मी थांबणार. पण माझ्या मागचा थांबेल का?"

मिस्तरी रस्त्याकडे बघतात. चौकात एकामागे एक पिकअप, एकाचं बंपर दुसऱ्याच्या फाळक्याला जवळजवळ टेकलेलं, प्रत्येक जण दोन पंप मारून तिसऱ्याला थांबणारा. मिस्तरी खिशातून गॅरेजची चार कार्डं काढून चालकाच्या हातात ठेवतात.

"मागच्याला दे. सांग, इथे ब्रेकचं काम चांगलं होतं."

चालक कार्डं उलटीपालटी करून बघतो.

"देईन हो मिस्तरी. पण त्यासाठी तो आधी थांबायला पाहिजे ना!"